ताक आणि पातळ केलेलं दही

अगं, ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं, ताक आणि पातळ केलेलं दही यात फरक काय आणि खरं ताक घरी कसं करायचं, हे सरळ विचारलंस ते बरं केलंस. दह्यात पाणी घालून घुसळलं की आपण त्याला ताक म्हणतो, पण खरं ताक म्हणजे लोणी काढल्यावर उरतं ते. म्हणून ते पोटाला हलकं.

रोजची साय एका डब्यात फ्रीजमध्ये साठव, पहिल्याच दिवशी तळाशी चमचाभर दही घाल. आठवड्याने डबा बाहेर काढून ठेव. साय विरजायला थंडीत रात्रभर लागेल, पण आपल्या ठाण्याच्या मे महिन्यात चार-पाच तास पुष्कळ. जास्त ठेवलंस तर ताक आंबट ढाण होतं. मी नौपाड्यात नवीन असताना दुपारभर विसरले होते, शेवटी सगळ्याची कढी केली!

घुसळताना आधी फेस येतो, मग रवीला रव्यासारखे कण चिकटतात. इथेच बर्फाचं पाणी घालायचं. उकाड्यात ते नसेल तर लोणी मऊ पडतं, गोळा धरत नाही. लोणी काढलंस की खाली राहिलं ते ताक. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरव, सलग फिरवलास तर गरम होतो.

प्यायला मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. मठ्ठ्याला आलं-मिरची वाटून लाव. कढी करताना बेसन गार ताकातच कालव आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर फुटते. आणि पितळेच्या भांड्यात ठेवू नकोस, कळकतं.