अकाउंट कुठेही काढ, लिखाण मात्र स्वतःकडे ठेव

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. नवीन काही आलं की तू पहिल्याच दिवशी अकाउंट काढतेस, थ्रेड्सवर आहेस, ब्लूस्कायवर आहेस, मॅस्टोडॉनवरही जाऊन आलीस, आणि आता विचारतेयस की हे सगळं सोडून एकच काहीतरी धरून बसू का. नको गं, मुळीच नको. ही हौस चांगली आहे, ती जप. माझं म्हणणं एवढंच की जे मनापासून लिहितेस ते आधी स्वतःच्या ब्लॉगवर टाक, मग तिथून बाकी सगळीकडे जाऊ दे.

मागच्या दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून तू जे टाकलेलंस ते मला अजून आठवतं. झेंडू पहाटे काय भावाने होता, दुपारनंतर कसा पडला, आणि ती तोरणं ओवणारी बाई, दोन फुलांमागे एक आंब्याचं पान आणि मधेच भाताची लोंबी, दोरा दातात धरून, गिऱ्हाइकाशी बोलत बोलत, हात एकदाही थांबला नाही असं लिहिलेलंस. किती छान होतं ते! पण टाकलंस स्टोरीवर, चोवीस तासांनी गेलं. तुझ्या आर्काइव्हमध्ये असेलही, पण मला आज कोणाला वाचायला द्यायचं म्हटलं तर द्यायला लिंकच नाही, आणि पुढच्या दसऱ्याला कोणी शोधलं तर त्याला ते सापडणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सरकारी नोंदीत आहे, ते कोणालाही मिळतं, पण अमुक चाळीत पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं आणि रात्रभर कोणी कोणाला घरात घेतलं हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याचकडून कळतं. तू असंच लिहितेस, म्हणून जीव तुटतो.

आणि ही टूल्स जातात गं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तेव्हा कॉलेजातल्या पोरांचं सगळं जगच तिथे होतं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं, टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली, कू २०२४ मध्ये संपलं. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉग्सवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारी सोय, बंद झालं तेव्हा मात्र ज्यांनी आपल्या फीड्सची, म्हणजे त्या ब्लॉग्सच्या नव्या लिखाणाच्या पत्त्यांची, यादी फाइलमध्ये उतरवून घेतलेली त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन पुढे चालू, कारण हे फीड ज्या पद्धतीने बनतं ते आरएसएस कुठल्या एका कंपनीचं नाही, १९९९ पासून आहे आणि आजही बहुतेक ब्लॉग्सना आणि पॉडकास्टना तेच आहे. म्हणून नवीन काही हातात घेतलंस की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोर्ट कुठे आहे ते शोध आणि एकदा खरंच करून बघ, फाइल उघडून बघ की मराठी नीट दिसतंय का. मग तुझ्या पोस्टची लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे जिथे तू लॉगिन नसतेस अशा खिडकीत, उघड, लॉगिन मागितलं तर समज की बाहेरच्या माणसाला ते दिसणार नाही. मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांवर असतं, तिथे सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स बरोबर येतात पण जुन्या पोस्ट येत नाहीत, असल्या गोष्टी वापरून बघितल्यावरच कळतात, आणि त्यासाठीच तर वापरून बघायचं.

ब्लॉग ब्लॉगरवर काढ नाहीतर वर्डप्रेसवर, मला दोन्ही चालतात, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावाचं विकत घे. २००६ च्या जुलैमध्ये आपल्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने मोजक्या साइट्स ब्लॉक करायला सांगितल्या आणि इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं, ज्यांचा कशाशी संबंध नव्हता त्यांचेही ब्लॉग उघडेनात. स्वतःचं डोमेन असलं की उद्या सामान दुसरीकडे हलवलंस तरी पत्ता तोच राहतो. शिवाय ब्लूस्कायवर तेच नाव हँडल म्हणून लावता येतं.

आता एक बारीक गोष्ट, पण मराठीत लिहिणाऱ्याला रोज लागते. शीर्षक मराठीत दिलंस की ब्लॉगर पत्त्यात ते घेतच नाही, नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा असलं काहीतरी देतो. वर्डप्रेस मराठी ठेवतं, पण लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलीस की एकेका अक्षराची, एकेका मात्रेची टक्केवाली नऊ नऊ चिन्हं होतात आणि ते लांबलचक शेपूट बघून लोक स्पॅम समजतात. पब्लिश करायच्या आधी पर्मालिंक, म्हणजे त्या पोस्टचा पत्ता, स्वतः रोमन अक्षरांत टाईप कर, दोन-तीन शब्द पुरे. तसंच त्या सुंदर रंगीत कार्डांवर जो मजकूर लिहितेस तो खाली टेक्स्टमध्येही दे, चित्रातलं मराठी सर्चमध्ये सापडेलच असं नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं कशी वाचता येणार?

बाकी लाइक्सचं मी काही बोलत नाही, तुला कळतं. पण बाजारातल्या बाईचा फोटो विचारून काढ, ती नको म्हणाली तर हातांचाही नको. आणि ट्रेनमधून टाकायचं असेल तर घरी पोचल्यावर टाक, रोजची ८.१२ ची डोंबिवली फास्ट, अमुक डबा, हे कोणालाही कळायची गरज नाही.

या रविवारी बस आणि डोमेन घेऊन टाक. ऑटो रिन्यूअल चालू ठेव, आणि रजिस्टर करताना ऑफिसचा ईमेल देऊ नकोस, नोकरी बदललीस की तो जाईल आणि रिन्यूअलची नोटीसही तिकडेच जाईल. झालं की फीडचा पत्ता पाठव, मी माझ्या रीडरमध्ये टाकते.

तुझी ताई