नऊ ते पाच

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीच्या रांगोळीतल्या फुलाला कायम सहाच पाकळ्या का? सहा हा देवाचा आकडा आहे का?" तेवढ्यात आजीचे तीळ करपायला लागले आणि फोन राहिला. म्हणून हे पत्र.

आधी तो कागद शोध. देवघराच्या फडताळात जुन्या वर्तमानपत्राचा असेल, उदबत्तीने भोकं पाडलेला. ती भोकं मी पाडलीत, सहावीत असताना. दोन-तीन ठिकाणी जास्तच जळालीत, त्यावरून आजी अजून बोलते. कागद अंगणात ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके उमटतात. आजी त्याला 'नऊ ते पाच' म्हणते : मधल्या ओळीत नऊ, मग वर-खाली आठ, सात, सहा, पाच. मोजून बघ, एकसष्ट भरतील.

आता नीट बघ. वरच्या ओळीतला ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. त्यामुळे आतल्या कुठल्याही ठिपक्याला सारख्याच अंतरावर सहा शेजारी मिळतात. पाकळी एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंत जाते, मग फूल सहाचंच होणार. खोटं वाटलं तर आजोबांकडून एक-एक रुपयाची सात सारखी नाणी माग. एकाभोवती सहा चिकटून बसतात; आणखी एक नाणं आणलंस तरी त्याला जागा नसते.

मधमाशीचं पोळंही असंच. जागा सारख्या घरांत वाटायची आणि मेण कमीत कमी लावायचं, तर षटकोनच परवडतो. माणसाला हे फार पूर्वीपासून वाटत होतं, पण टॉमस हेल्स या गणितज्ञाने ते सिद्ध केलं १९९९ साली.

इथे आज सकाळपासून बर्फ पडतोय. बाहीवर पडलेले कण बघितले, सगळ्यांना सहा टोकं. चारशे वर्षांपूर्वी प्रागमध्ये योहानेस केप्लरच्या कोटावर असेच कण पडले, आणि १६११मध्ये त्याने त्यावर एक छोटंसं पुस्तकच लिहून मित्राला नव्या वर्षाची भेट दिली. गंमत म्हणजे बर्फाचं कोडं सोडवायला त्याने काय घेतलं असेल? डाळिंब! आपल्या सोलापूरचं पीक! दाणे वाढताना एकमेकांना रेटतात, म्हणून गोल न राहता त्यांना पैलू पडतात, हे त्याने हेरलं. बर्फाचं खरं कारण मात्र त्याच्या हाती लागलं नाही. पाण्याचे रेणू गोठताना सहा-सहाच्या कड्यांत जुळतात, हे कळायला पुढे तीनशे वर्षं लागली.

तर देवाचा आकडा म्हणशील, तर मला तसं वाटत नाही. सारख्या गोष्टी दाटीवाटीने बसल्या की सहा आपोआप येतो. मोबाइलवर फिरणारे 'विश्वाचं गुपित' छापाचे निरोप मी वाचतही नाही. पण हे आजीला असंच सांगू नकोस हं. ती म्हणेल, "मग दाटीवाटीने बसवलं कुणी?" आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आठ पाकळ्याही येतात. त्यासाठी ठिपके सरळ घालायचे, ओळीखाली ओळ, नऊ बाय नऊ. मग चार शेजारी समोर आणि चार तिरपे. तिरप्या पाकळ्या जरा लांब होतात, ते आजीला खपत नाही, म्हणून ती मधोमध येणाऱ्या ठिपक्यांचीच काढते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची, म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा आजोबांच्या खांद्यावर बसून वाटेवरच्या रांगोळ्या बघ. सातही नंदीध्वज पुढे जाईपर्यंत खाली उतरायचा हट्ट करू नकोस. ठिपक्यांच्या रांगोळ्या किती आणि नुसत्या हाताने काढलेल्या किती, ते मला सांग.

आणि भगवा जातीचं डाळिंब फोडून पैलू बघणार असशील, तर जत्रेचा पांढरा सदरा आधी काढून ठेव.

तुझा,
बाबा