पियानोचा हात आणि पावसाची हवा

पियानोबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं पियानो शिकवणाऱ्यांनी आणि ट्यूनिंग करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे, दोन वर्षं पेटी शिकते. आता पियानो शिकायचा म्हणते. घरात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, तो चालेल का? पेटीचा उपयोग होईल की अडचण? – एक आई, फोंडा

उपयोग होईल, पण कानाला. सूर ओळखणं, ताल धरणं, एखादी ओळ ऐकून वाजवणं हे तिला येत असणार, आणि ते मोठं भांडवल आहे. हाताला मात्र नव्याने शिकावं लागेल. पेटीत आवाज भात्याच्या हवेवर चालतो. पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, सूर तोच राहतो आणि बोट असेपर्यंत वाजतो. पियानोची पट्टी ही तरफ आहे. ती साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्यात नमद्याचा छोटा हातोडा तारेकडे फेकला जातो. तारेपासून दीडदोन मिलिमीटरवर हातोडा यंत्रणेच्या पकडीतून सुटतो आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जातो. सुटताना त्याचा जो वेग असेल, तेवढा आवाज. त्यानंतर पट्टी कितीही रेटली तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त हात दमतो. पेटीवरून आलेली मुलं पट्टी तळाशी दाबून धरतात. ही सवय पहिल्याच महिन्यात सोडवून घ्या. सूर वाजला की बोट पट्टीवर नुसतं टेकलेलं राहिलं पाहिजे.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. तो आजवर भात्यावर होता, म्हणून सुरुवातीला त्याला उजव्यापेक्षा जास्त वेळ द्या.

61 पट्ट्यांचा कीबोर्ड नोटेशन वाचायला शिकेपर्यंत, म्हणजे चारसहा महिने, चालेल. त्याच्या पट्ट्यांखाली बहुधा स्प्रिंग असते, वजन नसतं. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन लागतं आणि बोटाला त्याचीच ओळख व्हायला हवी. पुढे 88 पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शन (खऱ्या पियानोसारख्या हातोड्याच्या जड पट्ट्या) असलेला डिजिटल पियानो घ्या. दुकानदार ‘टच सेन्सिटिव्ह आहे’ एवढंच म्हणाला तर थांबा. त्याचा अर्थ जोरात दाबल्यावर मोठा आवाज येतो, इतकाच. पट्टी जड आहे असा नाही. बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची देऊ नका. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यायला हवं आणि पाय लोंबकळता कामा नयेत, खाली पाट किंवा लाकडी खोका ठेवा.

प्रश्न : शिवोलीच्या एका जुन्या घरातला उभा पियानो स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? आमचं घर साखळीला आहे, पावसात भिंतींना ओल येते. – एक वाचक, साखळी

किंमत पाहू नका, दुरुस्ती पाहा. जाताना टॉर्च आणि मोबाइलवर ट्यूनर ॲप घेऊन जा. वरचं झाकण उघडलं की समोरची फळी आतल्या दोन खिट्ट्या फिरवून निघते. हातोड्यांच्या पुढे तारांचा पिंजरा दिसला तर तो जुना इंग्लिश ‘बर्डकेज’ पियानो. त्याचं काम सहसा कुणी हाती घेत नाही, तो सोडून द्या. मग लोखंडी चौकट बघा. दोनशेहून जास्त तारांचा मिळून ओढ अठरावीस टनांच्या घरात असतो आणि तो ही चौकट पेलते. तिला चीर असेल तर विषय संपला.

आता ॲप लावून मधल्या सप्तकातली एकेक पट्टी वाजवा. तिथे एका सुराला तीन तारा असतात. त्या तिन्ही एकमेकींशी फटकून, शेजारचा सूर आणखी तिसरीकडे, असं असेल तर खुंट्या लाकडात सैल झाल्या आहेत. अशा पियानोचं ट्यूनिंग आठवडाभरही टिकत नाही. उलट सगळा पियानो सारखाच अर्धा सूर उतरलेला असेल तर तो नुसता वर्षानुवर्षं ट्यून झालेला नाही आणि ही त्यातल्या त्यात चांगली खूण. असा पियानो एका दिवसात वर ओढू नका. काही आठवड्यांच्या अंतराने दोनतीन वेळा ट्यूनिंग करून 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर आणतात. घाई केली की गंजलेली तार खुंटीच्या वळणावर तुटते.

शेवटी वाळवी. पट्ट्यांखालची फळी आणि मागचे उभे खांब पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज, भुसा किंवा मातीची नळी दिसली तर तसाच परत फिरा, कारण तो घरात आणलात तर तुमच्या दारखिडक्याही जातील. हातोड्यांचा नमदा कसरीने खाल्ला असेल तर तो बदलता येतो, खर्च मात्र धरून चाला.

पावसाचं म्हणाल तर, दमट हवेत ध्वनिफलक, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, फुगतो, तारा ताणल्या जातात आणि मधली सप्तकं वर चढतात. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तीच उतरतात. म्हणून जुलैत केलेलं ट्यूनिंग फुकट जातं. चवथीच्या आधी घरात पाहुणे येणार म्हणून ट्यूनरला बोलवायचा मोह होतो, पण दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरअखेर एकदा आणि पावसाआधी मेच्या सुमारास एकदा, एवढं पुरतं. पियानो पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला लावू नका. आतली भिंत निवडा आणि तिच्यापासूनही वीतभर पुढे ठेवा. खोलीत आर्द्रतामापक टांगा. काटा 45 ते 60 टक्क्यांत राहिला तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो एका जागी राहणं. रात्री एसी आणि दिवसभर बंद, हा झोका सततच्या दमटपणापेक्षाही वाईट. आत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे. त्याने बल्बाजवळचं लाकूड सुकून तडकतं आणि लांबचं ओलंच राहतं. त्यापेक्षा आर्द्रता वाढली की आपोआप सुरू होणारी हीटरची कांडी पट्ट्यांच्या फळीखाली बसवून घ्या.

पट्टी अडकली तर खोबरेल किंवा कसला स्प्रे मारू नका. आतली बनातीची बुशिंग फुगलेली असते, तेलाने ती कायमची चिकटते. ट्यूनर खास पकडीने ती दाबून मोकळी करतो. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा, पियानोच्या परीक्षांतल्या ग्रेड 7ला. परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. ऑक्टेव्हचा (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) भाग वाजवताना उजव्या कोपराखालचा हात भरून येतो आणि दुखतो. सगळे म्हणतात, दुखल्याशिवाय हात तयार होत नाही. हात लहान आहे, आठ पट्ट्या जेमतेम पोचतात. – मडगाव

दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, हे चुकीचं आहे आणि त्यापायी चांगले हात वाया गेले आहेत. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात, म्हणून दुखणं तिथे येतं. दुखण्याचं नेहमीचं कारण ताकद कमी असणं हे नसतं. हात उघडणारे आणि मिटणारे स्नायू एकाच वेळी ताणून धरलेले असतात, हे असतं. ऑक्टेव्ह वाजवताना अंगठा आणि करंगळी फाकवून तू हात तसाच कडक ठेवत असशील. तपासून बघ : वाजवता वाजवता मध्येच थांब आणि हात मांडीवर सोड. क्षणात लुळा पडला तर ठीक. बोटं फाकलेलीच राहिली तर दुखण्याचं कारण तेच.

उपाय असा. तो भाग अर्ध्या लयीत घे. आधी नुसत्या अंगठ्याने वाजव, मनगट सैल. मग नुसत्या करंगळीने. मग दोन्ही, पण प्रत्येक ऑक्टेव्हनंतर हात मिटू दे, अगदी थोडा का होईना. हे जमलं की चारचारचे गट कर. पहिल्यावर हाताचं वजन सोड, उरलेले तीन त्याच्याच झोक्यात घे. हात लहान असल्यामुळे काळ्या पट्टीवर चौथं बोट वापरू नकोस, पुस्तकात छापलेलं असलं तरी. पाचवंच ठेव आणि हात थोडा आत, झाकणाच्या बाजूला ने. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) एका वेळी चारच अंक वाढव. ज्या अंकावर हात कडक होतो त्याच्या एक पायरी खाली आठवडाभर राहा.

बोटांमधलं अंतर वाढवायला हात टेबलाच्या कडेला दाबून फाकवू नकोस. त्याने हाड वाढत नाही, सांधे ढिले होतात. लहान हाताचं दुःखही फार मानू नकोस. स्पेनच्या आलिसिया दे लारोचा पाच फुटांहून बुटक्या होत्या आणि जगातल्या पहिल्या रांगेत वाजवत होत्या. पियानिस्ट योझेफ हॉफमनसाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले होते. नेहमीच्या पियानोचं सप्तक साडेसहा इंचांचं असतं. आता सहा आणि साडेपाच इंचांच्या सप्तकाचे पियानोही बनतात. आठ पट्ट्या जेमतेम पोचणाऱ्या हाताने ऑक्टेव्हनी भरलेली रचना परीक्षेला घ्यावीच असं नाही. त्याच यादीतली दुसरी रचना निवडायला सरांना स्पष्ट विचार.

आता किती वेळ वाजवायचं. पंचवीस मिनिटं, मग पाच मिनिटं हात खाली सोडून विश्रांती. परीक्षा जवळ आली म्हणून एक तासाचे एकदम चार तास करू नकोस. हात दुखावण्याच्या तक्रारी बहुतेक अशाच वेळी येतात, नाहीतर अचानक जड पट्ट्यांच्या पियानोवर बसल्यावर. आठवड्याला दहापंधरा मिनिटं वाढव. पियानोचे मोठे संगीतकार शोपें यांनीही शिष्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बसू नका असं बजावलं होतं. आणि स्कूटरचा ब्रेक, मोबाइलवरचा अंगठा, ट्यूशनचं लिखाण हे सगळं त्याच हाताच्या खात्यात जमा होतं, ते विसरू नकोस.

दमणूक असेल तर पंधरा मिनिटांत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही दुखत असेल तर ती इजा आहे. दोनतीन दिवस पूर्ण बंद, मग दिवसातून दोनदा दहा मिनिटं. आठवड्यात फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि आपण रोज किती वेळ काय वाजवतो ते सांग. करंगळी नि तिच्या शेजारचं बोट, किंवा अंगठा ते मधलं बोट बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर एक दिवसही थांबू नकोस, नस दबलेली असू शकते. परीक्षेपुरतं इंजेक्शन घेऊन वाजवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. परीक्षा पुढच्या सत्रात देता येते.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, सातव्या वर्षापासून पियानो शिकतो, ग्रेड 8 झाली. यावर पोट भरेल का? – एक वडील, डिचोली

नुसत्या मैफलींवर जगणारे पियानिस्ट जगातही थोडे. वॉर्साची शोपें स्पर्धा 1927मध्ये सुरू झाली, ती साधारण दर पाच वर्षांनी होते आणि वयाची मर्यादा तिशीच्या आसपास असते. 1960मध्ये मॉरीत्सिओ पोलिनी ती जिंकले तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या वाटेवरची मुलं सतराव्या वर्षी कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबरची मोठी रचना, वाजवत असतात. तुमच्या मुलाने ग्रेड 8 केली हे चांगलंच, पण ते संगीत महाविद्यालयाचं दार आहे, आतली खोली नव्हे. ऑर्केस्ट्रातही व्हायोलिनवाल्यांसारख्या पियानोच्या जागा नसतात.

काम आहे ते दुसरीकडे, आणि ते मानाचं काम आहे. पहिलं शिकवणं. गोव्यात ट्रिनिटी आणि रॉयल स्कूल्स या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं भरपूर आहेत. दुसरं साथ. व्हायोलिन आणि गायनाच्या परीक्षांना, कॉयरला, मैफलींना साथीचा पियानिस्ट लागतो आणि नोटेशन समोर ठेवताच वाजवणारा, गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलून देणारा माणूस सहज मिळत नाही. मुलाला आत्तापासून रोज वीस मिनिटं न पाहिलेलं नोटेशन न थांबता वाजवायला लावा. चुका होऊ देत, लय तुटू देऊ नका. एकट्याने वाजवून ग्रेड 8 झालेली पुष्कळ मुलं इथेच अडखळतात. तिसरं ट्यूनिंग. दमट हवेच्या या प्रदेशात ते कधी संपणारं काम नाही, आणि ज्याला कानही आहे नि हातात हत्यार धरायची आवड आहे, त्याने ते जरूर शिकावं.

पुढच्या शिक्षणासाठी कांपालच्या कला अकादमीतला पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. त्याची मुळं 1952च्या ‘आकादेमिया द म्युझिका’पर्यंत जातात. परदेशी जायचं तर बहुतेक ठिकाणी पहिली फेरी रेकॉर्डिंगवर होते. सहसा बाखची एक प्रिल्यूड आणि फ्यूग, एक अभिजात सोनाटा, एक एट्यूड आणि रोमँटिक किंवा विसाव्या शतकातली एखादी रचना मागतात. तयारीला दीड वर्ष धरा. जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी संस्थांत शुल्क कमी असतं, पण जर्मन भाषेचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा भाषेचा वर्ग आणि फ्यूग एकाच महिन्यात सुरू करा.

प्रश्न : घरी पाठ असलेली रचना मंचावर मध्येच विसरते. – म्हापसा

कारण ती बोटांना पाठ आहे, तुम्हाला नाही. बोटांची सवय एका धाग्यात चालते, एक बोट चुकलं की पुढचं सुचत नाही. रचनेचे आठ तुकडे करून क्रमांक द्या आणि कुणालाही कोणताही क्रमांक सांगायला लावा. तिथून विनाविलंब सुरू करता आलं पाहिजे. मग नुसता डावा हात पाठ वाजवा, बहुतेकांची गाडी तिथे अडते. तिसरं म्हणजे निम्म्या लयीत, नोटेशन न बघता. लय उतरवली की बोटांची सवय निकामी होते आणि डोक्यात काय आहे तेवढंच उरतं. जिथे अडाल त्या मात्रेवर पेन्सिलीने खूण करा, त्या ठिकाणचा डाव्या हाताचा सूर आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाव घेऊन मोठ्याने म्हणा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पूर्ण लयीत वाजवू नका. ते आठ तुकडे उलट्या क्रमाने, हळू, एकदाच वाजवा आणि झाकण लावा.