श्रावणातले नानासाहेब

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीची चाळीस पानं वाचली. चांगलं लिहितेस हे तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. सोबतच्या चिठ्ठीतल्या एका वाक्यापाशी मात्र अडकले. ‘बाई, दोनच महिन्यांचा तर फरक आहे, वाचकाला काय कळतंय?’

नानासाहेब पेशवे 23 जून 1761 रोजी पर्वतीवर गेले. तुझ्या सातव्या प्रकरणात ते श्रावणात रमण्यावर दक्षिणा वाटतायत आणि पानिपतावर नवरा हरवलेली तुझी नायिका भर गर्दीत त्यांना जाब विचारते. प्रसंग जोरकस आहे. पण ज्याला जाब विचारायचा तो माणूस जाऊन महिना उलटून गेलाय, आणि हे माहीत असूनही तू मला विचारतेस की चालेल का.

नाही चालणार. तारीख हलवायची नाही.

मागे तुला हिलरी मँटेल या इंग्रज कादंबरीकार बाईची पुस्तकं दिली होती ती उगाच नव्हे. ‘वुल्फ हॉल’ अर्ध्यावर सोडलंस म्हणालीस, कारण ‘तो’ म्हणजे नेमका कोण ते कळेना. ‘तो’ म्हणजे बहुतेक वेळा थॉमस क्रॉमवेलच असतो, एवढं धरून वाच. मलाही पहिली पन्नास पानं त्रासच झाला होता. ते असो. आता मृत्युपत्राच्या जागेपर्यंत तरी जा. पटनीच्या लोहाराचा हा मुलगा, क्रॉमवेल, पुढे इंग्लंडच्या राजाचा, आठव्या हेन्रीचा, उजवा हात झाला. जुलै 1529 मध्ये त्याने मृत्युपत्र केलं. अ‍ॅन आणि ग्रेस या दोन लहान मुलींसाठी काय ठेवायचं ते त्यात लिहिलं होतं. पुढे त्या ओळींवर काट मारली गेली. मुली राहिल्या नाहीत. दफ्तरात त्यांच्याबद्दल जवळपास एवढंच आहे: एक नाव, दुसरं नाव आणि वरून ओढलेली रेघ.

मँटेलने त्या रेघेला हात लावला नाही. मुली दोन वर्षं जास्त जगवल्या असत्या तर तिला कोण विचारणार होतं? पण तिने त्या वेळेवर जाऊ दिल्या, आणि त्याआधी धाकट्या ग्रेसला नाताळच्या नाटकात मोरपिसांचे पंख लावून देवदूत केलं. पंख कुठल्याही कागदात नाहीत. ते मँटेलचे. पण ते उभे आहेत त्या काट मारलेल्या ओळीवर. ती ओळ सरकवलीस की पंख नुसती शोभा उरतात. एखाद्याच्या मनातली तगमग मी रचीन, पण त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या कागदाचा रंग रचणार नाही, अशा अर्थाचं ती म्हणायची. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पैठणीचा रंग, नथीचा आकडा, सगळं मनाचं, आणि मनातलं मात्र बखरीतून उचललेलं.

ती प्रत्येक पात्राची कार्डं ठेवायची. अमुक तारखेला हा माणूस कुठे होता, ते कार्डावर. सफोकचा ड्यूक त्या दिवशी लंडनबाहेर असेल तर तो दरबारात दिसता कामा नये, मग त्याच्या तोंडी कितीही झकास वाक्य सुचलेलं असो. मी आता लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर अशी कार्डं करते. दोन बुटांचे खोके भरलेत. सून हसते. हसू दे.

‘आता’ करते म्हटलं, कारण तेव्हा करत नव्हते. हे तुला कधी सांगितलं नाही.

माझी पहिली कादंबरी तुला पाठ आहे. दसऱ्याचं प्रकरण आठव: बाहेर सीमोल्लंघनाचे नगारे, आत बाळंतिणीची खोली. त्या बाईचं खरं बाळंतपण वैशाखातलं. मी ते पाच महिने पुढे ढकललं, कारण मला नगारे हवे होते. पुस्तक आल्यावर वर्षभराने एक आंतरदेशीय पत्र आलं. त्या घराण्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर. अक्षर मोत्यासारखं, राग कुठेच नाही. त्यांनी फक्त महिने मोजले होते. दसऱ्याला मूल, म्हणजे पौषात दिवस राहिले. पौषात तर त्या बाईचा नवरा कर्नाटकच्या मोहिमेवर, हे तुम्हीच चौथ्या प्रकरणात लिहिलंय. मग बाई, आमच्या पणजोबांचे ते पणजोबा कोणाचे?

मी दोन दिवस जेवले नाही. आता म्हणशील, चूक कोणाकडून होत नाही? अगं, चूक नव्हती ती. वैशाख मला माहीत होता, वहीत टिपलेला होता. हो, तेव्हा पदरात दोन पोरं होती, शाळा सांभाळून रात्री लिहायचे, पुस्तक दिवाळीआधी हवं म्हणून तगादा होता. हे सगळं खरंच आहे. पण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पोरं मोठी झाली होती. तेव्हाही बदललं नाही. का, तर तेच प्रकरण लोक कार्यक्रमांत वाचायला सांगायचे. नगाऱ्यांपाशी माझा आवाज चढायचा, टाळ्या पडायच्या. तिसऱ्या आवृत्तीतही तसंच.

म्हणून तुझ्यावर खेकसतेय. तारीख हलवायची नाही, मग दोन महिने असोत नाहीतर दोन दिवस. तारखेला माणसं बांधलेली असतात, एकीला ओढलं की भलतंच कोणीतरी फरफटत येतं.

घाई आहे म्हणतेस, प्रकरण पुन्हा लिहायचं तर सहा महिने जातील म्हणतेस. सत्तावीस पूर्ण झाली आणि नावावर पुस्तक नाही. मँटेलने फ्रेंच राज्यक्रांतीवरची कादंबरी बाविसाव्या वर्षी, 1974 मध्ये सुरू केली. तेव्हा ती मँचेस्टरच्या दुकानात कपडे विकत होती. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे बोट्स्वानाला गेली, तिथे 1979 मध्ये ती पुरी केली. कोणी घेतली नाही. त्याच सुमारास, सत्ताविसाव्याच वर्षी, लंडनच्या इस्पितळात मोठं ऑपरेशन झालं आणि मूल होण्याची शक्यता संपली. त्याआधी कित्येक वर्षं डॉक्टर तिच्या पोटदुखीला मनाचे खेळ म्हणत होते. एका मनोविकारतज्ज्ञाने तर लिहिणंच बंद कर म्हणून सांगितलं. दुखण्याचं नाव, एंडोमेट्रिओसिस, तिने स्वतः वैद्यकाची पुस्तकं चाळून शोधलं. ती कादंबरी छापून आली 1992 मध्ये. मोज अठरा वर्षं. बुकर 2009 आणि 2012 चं. कोणी उसासे टाकावेत म्हणून हे सांगत नाही. तुझे सहा महिने मला मोठे वाटत नाहीत, एवढंच.

राहिला तुझा दुसरा मुद्दा, की तारखांना चिकटलं तर उत्कंठा मरते. 28 जुलै 1540 ला क्रॉमवेलचं मुंडकं उडणार हे शाळेतल्या पोराला माहीत असतं तिकडे. तरी लोकांनी तीन जाडजूड खंड वाचले. कारण ती सगळं वर्तमानकाळात लिहिते. उद्याचं आपल्याला ठाऊक, त्याला नाही. तो आपला हिशेब तपासतोय, पत्रं वाचतोय, आणि आपला जीव वर.

आता तुझ्या श्रावणाकडे बघ. नानासाहेब नाहीत. पेशवाईची वस्त्रं मिळालीत त्यांच्या मुलाला, माधवरावांना, वय वर्षं सोळा. तुझी बाई जाब विचारायला येते आणि समोर एक पोरगा, ज्याचा बाप नुकताच गेलाय, थोरला भाऊ पानिपतावर पडलाय. आता ती काय बोलेल? बोलेल तरी का? हे तुला खोट्या नानासाहेबांनी कधी दिलं असतं? फक्त त्या श्रावणात रमण्यावर काय झालं ते आधी दफ्तरात शोध. नसेल काही झालं तर तिला रिकाम्या रमण्यावर उभी कर.

रविवारी ये, चारच्या सुमारास. येताना ते प्रकरण आण. माझ्याकडे चौथ्या आवृत्तीची प्रुफं येऊन पडलीत. दसऱ्याच्या प्रकरणापर्यंत तपासून झाली, पुढचा गठ्ठा अजून सोडलेला नाही. पोस्टमास्तरांचं पत्र त्यावरच ठेवलंय. तू मोठ्याने वाच, मी खोडते.

तुझी,
बाई