मागच्या मोकळ्या जागेकडे बघ

सप्रेम आशीर्वाद.

ताडोबाचं बुकिंग हुकलं म्हणून वाईट वाटणं साहजिक आहे. पण ‘आमच्या कोथरूडात बघण्यासारखं आहे काय?’ हे तुझं वाक्य काही मला पटलं नाही. सोसायटीच्या पुढच्या लॉनचे तीन फोटो पाठवलेस आणि मागच्या मोकळ्या जागेचं वर्णन ‘कचरा आणि झुडपं’ एवढ्यात उरकलंस. कमिटी ती जागा साफ करून तिथेही लॉन लावणार, हे तू आनंदाने कळवलंस. म्हणून हे पत्र जरा घाईने लिहितो आहे.

लॉनमध्ये राहतं कोण, याचा विचार करून बघ. गवत सतत कापलं जातं, त्यामुळे त्याला बी धरत नाही आणि बी नाही म्हणून बी टिपणाऱ्या मुनिया फिरकत नाहीत. कडेचा डुरांटा चौकोनी छाटतात, मग तो फुलणार कधी? वाळलेली पानं रोज सकाळी झाडून नेतात, त्यांच्याबरोबर त्याखालचे किडेही जातात. दिसतं छान, नाही म्हणत नाही. पण तुला जे जिवंत बघायचं आहे ते मागे आहे.

मागे रुई असणारच, पुण्यात पडीक जागा आणि रुई नाही असं सहसा होत नाही. पावसाळ्यात तिची कोवळी पानं उलटून बघ. पानाच्या खालच्या बाजूला मोहरीपेक्षाही लहान, पांढरं, एकेकटं अंडं सापडेल. आणखी काही दिवसांनी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली. ही प्लेन टायगरची, म्हणजे आपल्या बिबळ्या कडव्याची अळी. ती खाते कशी ते बघायला मात्र खाली बसावं लागेल. रुईचा चीक तिलाही त्रासाचा असतो, म्हणून मोठी अळी आधी पानाची शीर कुरतडते. चीक तिथेच गळून जातो आणि मग ती पुढचा भाग आरामात खाते. चिकातलं थोडंफार विष तिच्या अंगात उतरतं, पुढे फुलपाखरातही राहतं, त्यामुळे पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सगळं एका पानावर चालतं आणि त्याला जिप्सी लागत नाही.

इतकंही खाली उतरायचा कंटाळा असेल तर गॅलरीतला कढीपत्ता बघ. त्यावर बहुरूपी किंवा लिंबावरची फुलपाखरं अंडी घालतात. सुरुवातीची अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तुझ्या आईने आजवर किती वेळा ती घाण समजून पुसून टाकली असेल कोण जाणे! मोठी झाली की ती हिरवी होते. गवताच्या काडीने हळूच डिवचलंस तर डोक्यामागून नारिंगी, दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच करून बघ, सारखं नको. फोडणीला पानं महिनाभर बाजारातून आणा.

आता पक्षी. मे संपता संपता पावशा ‘पेरते व्हा’ ओरडायला लागतो आणि पावसाच्या तोंडावर चातक येतो. तुमच्याकडच्या झुडपांत कलकलाट करत फिरणारी मातकट टोळी सातभाईंची. पावशा आणि चातक दोघेही स्वतःचं घरटं बांधत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. सातभाईंना घरट्यासाठी गर्द झुडूप लागतं. म्हणजे जेसीबीने झुडपं उपटली की सातभाई जातील आणि त्यांच्या जिवावर आलेला पाहुणाही जाईल. कवितेतल्या चातकाचा मुक्काम असा तुमच्या कचऱ्याशेजारी आहे.

तांबटाची टुक-टुक तू ऐकली असशील, निदान आवाजाचा वैताग तरी आला असेल. तो वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडतो आणि त्यात पिल्लं वाढवतो. शेवगा किंवा गुलमोहराची मेलेली फांदी त्याला फार सोयीची. आपण मात्र वाळकी फांदी दिसली की आधी ती तोडतो.

सप्टेंबरात नाल्याकाठी करडा धोबी शेपटी हलवत फिरताना दिसेल. हिवाळी पाहुण्यांत तो लवकर येणाऱ्यांपैकी. नाला घाण आहे म्हणून नाकाला रुमाल लाव, पण बघ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताला बी धरलं की मुनिया, आणि फेब्रुवारीच्या सुमारास पळस, काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे. त्या मध्य आशियाकडून आलेल्या असतात, येताना कोणतंही बुकिंग न करता.

वेताळ टेकडी तुला चालत जाण्यासारखी आहे, तिथे अवश्य जा. जूनच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो, पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मात्र मोबाईलवर त्याचाच आवाज लावून त्याला उघड्यावर बोलावणाऱ्या फोटोग्राफरांच्या घोळक्यात उभं राहू नकोस. विणीच्या दिवसांत तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून चारा शोधायचं सोडून धावत येतो. एका फोटोसाठी हे मला पटत नाही आणि तुलाही पटू नये. घरट्याचे फोटोही नकोत, ग्रुपवर लोकेशन तर मुळीच टाकायचं नाही.

काय करायचं म्हणून विचारलंस, तर थोडकंच सांगतो. मागच्या जिन्याच्या पायरीवर सकाळी दहा-पंधरा मिनिटं बस, रोज त्याच जागी. कॅमेरा घरी ठेव. वहीत तारीख, वेळ आणि कोण काय करत होतं ते लिही. नाव कळलं नाही तरी अडत नाही, ‘तपकिरी, चिमणीएवढा, भिंतीवर शेपटी वर करून नाचत होता’ एवढी नोंदही पुढे कामाला येते. (तो बहुधा चिरक असेल.) मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, वापर जरूर, पण डोळ्यांनी खात्री करून घे, दयाळ दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत आहे. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास अभ्यासकांना उपयोग होतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमुळे तो त्या तारखांना ठेवला आहे. सोसायटीतल्या मुलांना त्या आठवड्यात पायरीवर आणून बसव. पायांत बूट हवेत. धामण दिसली तर काळजी नाही, पण विषारी घोणसही असू शकते. मारायचं नाही, सर्पमित्राला फोन करायचा.

आणि मागे वाढलंय ते सगळंच चांगलं, असंही समजू नकोस. गाजर गवत हे आपल्याकडचं नव्हेच. भारतात ते पसरल्याची पहिली ठळक नोंद झाली ती १९५५-५६ च्या सुमारास, आणि तीही पुण्यातच. कातडीला खाज, दम्याचा त्रास, दुसऱ्या झाडांना उगवू न देणं, हे त्याचे गुण. फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा. घाणेरीबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे: ती जागा बळकावते हे खरं, पण तुमच्याकडे सातभाईंना दुसरा आडोसा काय उरला आहे? ती एकदम काढू नका. शेजारी करवंद किंवा निरगुडी लावा, ती अंगाला आली की मग घाणेरीला हात घाला.

मीटिंगमध्ये जैवविविधता वगैरे शब्द काढू नकोस, लोक घड्याळं बघायला लागतील. डासांचा विषय निघेल. डेंग्यूचा डास झुडपात अंडी घालत नाही, टायर, करवंट्या, प्लास्टिकचे डबे यांत साचलेल्या पाण्यात घालतो. तेव्हा कचरा उचलायला सगळ्यात आधी तूच हात वर कर. उंदरांचं म्हणतील, तर उष्टं तिथे फेकणं बंद करा. उरलेल्यांना धामण आणि पिंगळा घुबड आहेत. झाडं तोडायचं म्हणाले तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, महापालिकेची परवानगी घ्यावी लागते, हे शांतपणे सांग. भिंतीलगत चालण्यापुरती पट्टी साफ ठेवायला हरकत घेऊ नकोस. बाकी गवत बी गळल्यावर, डिसेंबरात कापा. शेवग्याची वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्या.

आणि ठरावात ‘परिसर साफसफाई’ असं मोघम लिहू देऊ नकोस. काय काढायचं, काय ठेवायचं आणि कोणत्या महिन्यात, हे सेक्रेटरींकडून नावानिशी लिहून घे. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, त्याला जे सांगाल त्याच्यापेक्षा तो जास्तच काढतो.

तुझा,
काका