कमी पैशात महिन्याचा किराणा: सुरुवात इथून कर

घाबरू नकोस, पहिलाच महिना जड जातो. आधी रेशनकार्डात सगळ्यांची नावं आहेत का बघ. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा प्रकार असेल, तर महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून मोफत. ते आणल्याशिवाय दुकानाची यादी करायचीच नाही.

मग एवढं कर:

- तूरडाळीवरच भिस्त नको. मटकी, हुलगे आण. मटकी रात्री भिजव, सकाळी फडक्यात घट्ट बांध. मोड आले की दुप्पट होते, रस्सा वाढवला की पाव किलोत चौघांचं भागतं.
- आपली कांदा-लसूण चटणी डब्यात हवीच. भाजी नसली तरी भाकरी अडत नाही.
- आठवडी बाजार दिवस मावळताना कर, तेव्हा भाजी स्वस्तात सुटते.

नवीन माणसं रोज तेला-साखरेच्या छोट्या पुड्या आणतात, पैसा तिथंच गळतो. पोरांच्या दुधा-अंड्यांत मात्र काटकसर नको, बाई. वर्षाच्या ज्वारीचं सुगीत बघू.