राहिलेली पदवी आणि जुन्या अंकसूच्या

वाचकांचे प्रश्न : या वेळी उच्च शिक्षण

मी 43 वर्षांची आहे. इंदूरच्या एका महाविद्यालयातून बी.कॉम.ची दोन वर्षं 2001 आणि 2002 मध्ये पास झाले. मग लग्न झालं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. दोन्ही अंकसूच्या जपून ठेवल्या आहेत. नुसतं तिसरं वर्ष करून पदवी मिळेल का? क्रेडिट ट्रान्सफर म्हणतात ते हेच का?
— एक वाचक, लोकमान्यनगर

थेट तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाही. याचा तुमच्या वयाशी काही संबंध नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली मुदतीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे तीन वर्षांची पदवी साधारण पाच वर्षांत संपवायची, अपवाद म्हणून आणखी एक वर्ष मिळतं. दुसरी अडचण अशी, की तुमचा तो अभ्यासक्रमच आता शिल्लक नाही. मध्य प्रदेशात तुमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती, 2008 मध्ये सेमिस्टर आलं, 2017 मध्ये पुन्हा वार्षिक झालं आणि 2021 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. विद्यापीठं अधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांसाठी विशेष संधीची अधिसूचना काढतात. देवी अहिल्या विद्यापीठाच्या नालंदा परिसरात नामांकन (विद्यापीठातल्या नोंदणीचा) क्रमांक घेऊन एकदा चौकशी करून या, पण त्या संधीच्या भरवशावर आणखी दोन वर्षं घालवू नका.

आता क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक पेपरातल्या अभ्यासाला दिलेल्या मापाचं. तुमच्या अंकसूचीवर हा शब्द कुठेच सापडणार नाही. तिथे पेपर आहेत, पूर्णांक आहेत, प्राप्तांक आहेत. त्यामुळे 'दोन वर्षांची क्रेडिट जमा आहेत' हा हिशेबच चुकतो. तुम्हाला प्रवेश देणारं विद्यापीठ तुमचा एकेक पेपर घेऊन स्वतःच्या एकेका पेपरशी ताडून पाहतं. ताडताना नाव बघत नाहीत, आतला मजकूर बघतात. म्हणून अंकसूचीइतकंच महत्त्वाचं आहे तुम्ही शिकलात त्या वर्षाचं पाठ्यक्रम पुस्तक. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, कारण अंकसूची कपाटात जपलेली असते आणि पाठ्यक्रम पुस्तक रद्दीत गेलेलं असतं.

ते आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधा. खजुरी बाजारात जुनी पुस्तकं मिळतात, तिथे तुमच्या वेळचं एखादं पाठ्यपुस्तक मिळालं तर प्रकरणांची यादी कळेल, पण अर्जाला ते चालत नाही. विद्यापीठाकडून साक्षांकित प्रतच लागते. तोंडी मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्यात वर्ष, वर्ग आणि पेपरांची नावं अंकसूचीवर आहेत तशीच हिंदीत लिहा. 'बी.कॉम.चा जुना सिलॅबस द्यावा' असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. कायद्याने उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

पुस्तक हाती आलं की अर्ज करण्याआधी घरीच ताडून बघा. वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन (कॉस्टिंग) आणि सांख्यिकी हे पेपर बरेचसे टिकतात. नामे-जमा वीस वर्षांत बदलत नाही. कायद्याचे पेपर मात्र शिळे झाले आहेत. तुम्ही 1956 चा कंपनी कायदा शिकलात, आज 2013 चा शिकवतात. ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा 1986 चा होता, आता 2019 चा आहे. अप्रत्यक्ष करांचं तर विचारूच नका, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि विक्रीकराचं सगळं प्रकरण मोडीत निघालं. आधार पाठ्यक्रमाचे (फाउंडेशन कोर्सचे) हिंदी-इंग्रजीचे पेपरही क्वचितच जुळतात, कारण धड्यांची निवड प्रत्येक विद्यापीठाची वेगळी.

समजा तुमच्या दहा पेपरांपैकी पाच जुळले आणि प्रत्येक पेपर 6 क्रेडिटचा धरला, तर 30 क्रेडिट झाली. तीन वर्षांच्या पदवीला 120 लागतात, म्हणजे पाव पदवी. तुम्ही दोन-तृतीयांश धरून बसला होतात! आमचं मत विचाराल तर चारपेक्षा कमी पेपर जुळत असतील तर क्रेडिटच्या मागे लागू नका, नव्याने सुरुवात करा. कागद गोळा करण्यात जाईल त्या वेळात एका सत्राचा अभ्यास होतो.

जुळत असतील तर इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) रस्ता तुमच्यासारखीला सोयीचा. आधी तिथे प्रवेश घ्यायचा, मग क्रेडिट हस्तांतरणाचा अर्ज करायचा. प्रवेशाआधी कोणी मंजुरी देत नाही. बाहेरून फार तर अर्धी क्रेडिट आणता येतात, निम्मी तरी इग्नूतच मिळवावी लागतात. शुल्क पेपरामागे असतं, म्हणून घरच्या ताळ्यात न जुळलेले पेपर अर्जात भरून पैसे घालवू नका. क्रेडिट मिळाली की पेपर नक्की कमी होतात, पण वर्षही कमी होईल का आणि अंतिम टक्केवारी कशी काढणार, हे दोन प्रश्न अर्जासोबतच लेखी विचारा. नोकरीच्या अर्जात टक्केवारी लागते तेव्हा हे आठवतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

सगळ्यात जास्त अर्ज मात्र नावावरून अडकतात. अंकसूचीवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणाच्या प्रवेशाला आता डेब आयडी, म्हणजे अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो क्रेडिट बँकेच्या, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या, खात्यावरून निघतो आणि ते खातं आधारशी जोडलेलं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं असलेलं शपथपत्र आधीच करून ठेवा. दहावीची अंकसूची, आधार आणि प्रवेश अर्ज समोर ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर बघा. 'देशपांडे' हे आडनाव रोमन लिपीत एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

मायग्रेशन प्रमाणपत्रही, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा दाखला, लागेल. ते शेवटी शिकलात त्या विद्यापीठाकडून घ्यायचं, महाविद्यालयाकडून नव्हे.

मुलाने 2021 मध्ये नव्या धोरणात बी.ए.ला प्रवेश घेतला, दोन वर्षं पूर्ण केली आणि 2023 मध्ये कामाला लागला. त्यालाही वरचेच सोपस्कार करावे लागतील का?
— एक पालक, सुदामानगर

नाही, त्याचं बरंच सोपं आहे, पण घाई करायला हवी. त्याची क्रेडिट खरोखरच क्रेडिट म्हणून नोंदलेली आहेत. एका वर्षानंतर 40, दोन वर्षांनंतर 80 असा हिशेब आहे. मध्येच बाहेर पडताना पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षाची पदविका हवी असेल तर उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. तो केला नसेल तर पदविका मिळत नाही, तरी कमावलेली क्रेडिट राहतात.

मुदती दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत यायचं, म्हणजे त्याच्यासाठी 2026. आणि पहिल्या प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पुरी करायची, म्हणजे 2028. पहिली मुदत हुकली तर दुसरीचा उपयोग नाही.

आजच डिजिलॉकरमध्ये त्याचं क्रेडिट बँकेचं खातं उघडून बघा. तिथे शून्य दिसलं तर घाबरू नका. क्रेडिट विद्यार्थ्याला भरता येत नाहीत, विद्यापीठच भरतं. बहुतेकदा महाविद्यालयाने आयडीच कळवलेला नसतो किंवा जन्मतारखेत फरक असतो. बारा आकडी आयडी, नामांकन क्रमांक आणि दोन्ही वर्षांच्या अंकसूच्या जोडून महाविद्यालयाला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

मला मराठीतून शिकायचं आहे. इंदुरात राहून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येईल का? भाऊ पुण्याला असतो, त्याचा पत्ता देता येईल.
— एक वाचक, रामबाग

राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रमाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. म्हणून त्यांचं अभ्यासकेंद्र इंदुरात असणार नाही आणि परीक्षाही महाराष्ट्रातच द्यावी लागेल. भावाचा पत्ता देऊन प्रश्न सुटत नाही. पुस्तकं पुण्याला जातात, स्वाध्यायाची तारीख पुण्यालाच कळते आणि तुम्हाला ती चार दिवसांनी फोनवर समजते. एखादा कार्यक्रम पूर्ण ऑनलाइन म्हणून मान्य असेल तर हद्दीचा हा नियम त्याला लागत नाही. सेंधव्यावरून धुळ्याला जाऊन पेपर देण्याची खरोखर तयारी असेल तर विचार करा. नाहीतर इग्नू किंवा मध्य प्रदेशचं भोज मुक्त विद्यापीठ, हिंदी माध्यम. सराफ्यात जी हिंदी बोलता तिच्यापेक्षा पुस्तकातली थोडी जड, इतकंच.

इग्नूत लेखी परीक्षेला 70 टक्के आणि स्वाध्यायाला 30 टक्के वजन असतं आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे. नोकरी करणारे परीक्षेची तयारी नीट करतात आणि स्वाध्याय राहिल्यामुळे निकालात 'अपूर्ण' येतात. जूनच्या परीक्षेचे स्वाध्याय फेब्रुवारीतच लिहून मोकळे व्हा.

ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, जुन्या अंकसूच्या द्या, सहा महिन्यांत एकाच बैठकीत पदवी आणून देतो. खात्री कशी करायची?
— एक वाचक, पलासिया

खात्री करायला काही उरलेलंच नाही. परवानगी असलेलं कोणतंही विद्यापीठ तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांत देत नाही. त्यांच्या बोलण्यात 'मागच्या सत्रात दाखवू' असं आलं असेल तर तो सरळ बनावट कागद आहे आणि पडताळणीत तुम्हीच अडकाल. संस्थेचं नाव सांगितलं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी आहे, ती बघा, आणि दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी मान्य आहे का तेही बघा. विद्यापीठ खरं आणि अभ्यासक्रम अमान्य, असंही होतं. मूळ अंकसूच्या त्यांच्याकडे दिल्या असतील तर आजच परत मागा.